हात सोडल्यानंतरचे फेरे

जळगावच्या पिंप्राळ्यात लाइट गेली की घराघरातून एकच आवाज येतो, "गेली!" मग कोणी हातपंखा शोधतं, कोणी वायरमनच्या सात पिढ्या उद्धरतं. बडगुजर सर यांतलं काही करत नसत. ते वर बघत. पंखा मंदावत आला, पाती एकेक वेगळी दिसू लागली, की त्यांचे ओठ हलायला लागत. एक, दोन, तीन. पंखा पुरता थांबेपर्यंत त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे. थांबला की मान खाली करून घरमालकाला निकाल सांगत, "बावीस. तेल घाला."

घर कोणाचं आहे, प्रसंग काय आहे, याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा सर भेटायला आले. दुपारची वेळ, बायका रडताहेत, आणि नेमकी लाइट गेली. सरांनी वर पाहिलं. ओठ हलू लागले. माझ्या चुलतसासूबाईंनी डोळे पुसता पुसता मला कोपरानं ढोसलं, "बघ गं, किती सात्त्विक माणूस. मनातल्या मनात नाम घेतोय." मी पदर तोंडावर ओढून घेतला. लोकांना वाटलं, सुनेला हुंदका आवरेना. जाताना सर दारात थांबले, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "चौधरीबाई, दुःख मोठं आहे. पण पंखा एकोणीसच. बेअरिंग बघून घ्या."

गेल्या महिन्यात सर गेले. मी पांढरं लुगडं काढताना पाहून नातीनं विचारलं, "आजी, कोण गेलं?" मी म्हटलं, "माझे सर." आता हे काही खरं नाही. ते माझे सर नव्हते, कॉलेजातले सहकारी होते. मला शिकवायची वेळ त्यांच्यावर आली, ती मी स्वतः शिकवायला लागल्यानंतर.

त्या वेळी मी चोवीस वर्षांची. एमएस्सी, फर्स्ट क्लास. कमरेपर्यंत वेणी आणि वेणीपेक्षा लांब ताठा. धुळ्याहून लग्न होऊन जळगावात आले होते आणि इथल्या एका कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. कडक इस्त्रीची साडी नेसून मी लॅबमध्ये शिरायचे तेव्हा मला वाटायचं, न्यूटन असता तर उठून उभा राहिला असता. पहिल्याच आठवड्यात मला बीएस्सी फर्स्ट इयरच्या पोरांना फ्लायव्हीलचा प्रयोग दाखवायला सांगितलं.

ज्यांनी ते चाक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भिंतीत बसवलेलं ओतीव लोखंडाचं जड चाक, परातीएवढं. त्याच्या आसाला एक खुंटी, खुंटीत दोरीचा फास अडकवायचा, दोरी आसावर गुंडाळायची आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगायचं. वजन सोडलं की ते खाली येतं आणि येता येता चाकाला फिरवतं. दोरी संपली की फास आपोआप सुटतो, वजन जमिनीवर पडतं. त्याचं काम झालं. चाक मात्र फिरतच राहतं, कारण वजनानं उंची गमावून जी ऊर्जा दिली, तिचा मोठा भाग आता चाकाच्या पोटात आहे. घर्षण दर फेऱ्याला त्यातला एक घास खातं. सगळं खाऊन संपलं की चाक थांबतं. वजन सुटल्यापासून किती फेरे झाले ते मोजायचं. बस. कडेला खडूची एक खूण करायची आणि ती किती वेळा समोरून गेली ते बघायचं. चार वर्षांच्या पोरालाही जमेल.

मला जमलं नाही. मी फास खुंटीत अडकवण्याऐवजी घट्ट गाठ मारली. दोरी संपली तरी सुटली नाही, उलटी गुंडाळली जाऊ लागली, वजन पुन्हा वर चढलं, गाठ तुटली आणि अर्धा किलोचं वजन माझ्या पायाच्या अंगठ्यावर. पोरं हसली नाहीत. पोरं इतकी वाकून माझा अंगठा बघू लागली की कोणाचंही तोंड दिसेना.

मागं सर उभे होते. बुटके, काळेसावळे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडूचा तुकडा, त्यामुळे खिशावर कायम पांढरा डाग. त्यांनी विचारलं, "बाई, हे चाक याआधी कधी फिरवलंय?"

"हो तर. बीएस्सीला."

"किती फेरे आले होते?"

"त्रेचाळीस," मी ताडकन सांगितलं.

"त्रेचाळीस तर आमच्या चाकाचे आहेत. तुम्ही धुळ्याला शिकलात ना?"

प्रकार असा होता, की बीएस्सीला मी चाकाला बोटही लावलं नव्हतं. प्रयोगाची वही आदल्या वर्षीच्या मुलीकडून आणायची, रीडिंगं उतरवायची, सुबक आकृती काढायची, झालं. तिनं तिच्या आदल्या वर्षीच्या मुलीकडून आणलेली असे. अशी ती एकच वही केव्हातरी जळगावहून धुळ्याला नांदायला गेली होती, की धुळ्याहून जळगावला, देव जाणे. दोन जिल्ह्यांतली दोन वेगवेगळी चाकं कित्येक वर्षं बरोबर त्रेचाळीस फेरे घेत होती.

सरांनी पोरांना बाजूला केलं, फास लावला, वजन सोडलं आणि मला म्हणाले, "मोजा." मी मोजलं. एकसष्ट. आदल्या संध्याकाळीच त्यांनी बेअरिंग रॉकेलनं धुऊन तेल घातलं होतं. मग त्यांनी वह्यांचा गठ्ठा पुढं ओढला आणि एकेक उघडून लाल पेन्सिलीनं लिहीत गेले. चाळीसच्या चाळीस वह्यांत त्रेचाळीस, आणि चाळीसच्या चाळीस वह्यांवर एकच शब्द, 'पुन्हा'. लिहिण्याआधी तर्जनीनं पानावर दोनदा टकटक करायची त्यांची सवय. ती टकटक कॉलेजात प्रसिद्ध होती. कॅन्टीनवाला चहाचा कप परत आला तर म्हणायचा, "काय सर, पुन्हा?"

पोरं सुधारली का? छे. पुढच्या वर्षी सगळ्या वह्यांत एकसष्ट. सरांनी बेअरिंगजवळ नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा खुपसला, चाक अठ्ठावीसवर आलं. वह्यांत एकसष्ट. त्याच्या पुढच्या वर्षी नमदा काढला, तर वह्यांत अठ्ठावीस. अशी किती वर्षं गेली. मुलं अगदी प्रामाणिकपणे गेल्या वर्षीचं चाक लिहीत होती. मी एकदा म्हटलं, "सर, सोडा ना. एका आकड्यानं कोणाचं काय बिघडतं?"

ते म्हणाले, "बाई, हात सोडला म्हणजे चाक सुटत नाही."

मला वाटलं, असेल काहीतरी वेदान्त. मला तेव्हा सगळं कळतं असं वाटत असल्यामुळे न कळलेल्या गोष्टीला मी वेदान्त म्हणत असे.

त्यांच्या घरी तर कहर होता. मिक्सर बंद केल्यावर भांड्यातला शेवटचा घरघराट थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. शिलाई मशीनच्या चाकावर खडूची खूण, सायकलच्या चाकावर खूण, मुलाच्या भोवऱ्यावरसुद्धा खूण. स्कूटर घेतली तेव्हा कॉलेजच्या फाटकाच्या खूप आधी गिअर काढून घेत आणि ब्रेक न लावता बरोबर निंबाखाली येऊन थांबत. वहिनी वैतागून म्हणायच्या, "यांना उद्या विष्णू भेटला तरी हे नमस्कार नाही करायचे. विचारतील, बाबा, सुदर्शन सोडल्यावर किती फेऱ्यांत थांबतं?"

आणि सर गंभीरपणे म्हणायचे, "ते परत येतं. म्हणजे त्याचं गणित वेगळं."

एकदा मी संध्याकाळी त्यांच्याकडे काही कागद द्यायला गेले. ओट्याशी एक म्हातारी भाकरी थापत होती. डाव्या हातानं थापायची आणि उजव्या हाताचा नुसता तळवा परातीला टेकवायची. उजव्या हाताला अंगठा सोडून एकही बोट नव्हतं. ही सरांची मोठी बहीण, अक्का. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातून आली होती. मी बघतेय हे तिनं पाहिलं आणि हसली.

"काय देखस वं पोरी? कुट्टीमशीननी खाई टाकात."

कडबा कापायचं हातानं फिरवायचं यंत्र. मोठं चाक, चाकाच्या आऱ्यांनाच पाती लावलेली. एकानं चाक फिरवायचं, एकानं कडबा सरकवायचा. अक्का तेरा वर्षांची होती, सरकवत होती. सर आठ वर्षांचे. चाक फिरवायला दांडा जड, पण त्यांना गंमत वाटायची, म्हणून अंगात होता तेवढा जोर लावून फिरवत होते.

अक्का पीठ सारखं करत सांगत होती, जशी काही शेजारणीची गोष्ट. "मना हात गुतना. मी आरडनू, थांब रे! यानी लगेच हात सोडी दिन्हा. लगेच. पन चाकले कान ऱ्हातस का, बाई?"

मी सरांकडे पाहिलं. ते दाराशी पाठमोरे उभे होते.

"चाळीस वरीस व्हयनात," अक्का म्हणाली, "हाऊ येडा आजून मोजस. मी सांगस, भाऊ, तुनी चूक नही शे. बठ्ठी त्या चाकनी शे. आयकसच नही. चाकनाच भाऊ शे तो."

सर न वळता म्हणाले, "दीड फेरा, अक्का. मी सोडल्यावर दीड फेरा फिरलं ते. मी निम्म्या वेगानं फिरवत असतो तर चौथाई राहिली असती ऊर्जा. दीडाच्या जागी पाव-अर्ध्या फेऱ्यात थांबलं असतं. तुझा हात तिथपर्यंत गेलाच नसता."

"भाकर खाय," अक्का म्हणाली.

त्या रात्री घरी येऊन मी तोच धडा काढून बसले, जो मी पोरांना शिकवत होते. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. थांबवायला काम चौपट. मी ते फळ्यावर किती सुंदर अक्षरात लिहायचे! रंगीत खडूनं चौकट करायचे.

इथपर्यंत मी हसत लिहिलं. आता पुढचं.

दिगंबर नावाचा एक मुलगा होता, पाचोऱ्याकडचा. हुशार नव्हता, पण गोड. घरी दहा-बारा म्हशी आणि विजेवरची कुट्टीमशीन. हे सरांना कळल्यापासून ते त्याच्या मागंच लागले. त्याची वही तीनदा परत. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. "यानं स्वतः मोजल्याशिवाय मी याला सोडणार नाही," म्हणायचे. परीक्षा दोन दिवसांवर आली आणि दोंडाईच्याहून निरोप आला, अक्का आजारी आहे. सर गेले. जाताना मला म्हणाले, "चौधरीबाई, दिगंबरचा प्रयोग राहिलाय. एवढा करून घ्या."

दिगंबर वही घेऊन आला. लॅबची किल्ली शिपायाकडे, शिपाई बाहेर गेलेला. मला घरी जायची घाई. का घाई होती? सांगायला लाज वाटते, मला भुसावळहून येणाऱ्या नणंदेला नवी साडी दाखवायची होती. दिगंबर म्हणाला, "मॅडम, सही नसली तर परीक्षेला बसू देणार नाहीत." मी म्हटलं, "लिही. एकसष्ट लिही." त्यानं लिहिलं. मी सही केली. वर पंधरापैकी चौदा दिले. अक्षर छान होतं त्याचं.

चार-पाच वर्षांनी तो लग्नाची पत्रिका घेऊन कॉलेजात आला. पेढा डाव्या हातानं दिला. उजवी बाही मनगटाशी गाठ मारून बंद केलेली.

"अरे, हे काय?"

"काही नाही मॅडम, झालं ते झालं," तो हसत म्हणाला. "लाइट गेली होती. मोटर बंद पडली, म्हटलं बंद तर आहे. तोंडाशी ओला कडबा अडकला होता, काढायला गेलो." मग कौतुकानं म्हणाला, "आणि गंमत बघा, फ्लायव्हीलला मला पंधरापैकी चौदा होते. तुम्हीच दिले होते."

त्यानं मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो खरंच कौतुकानं म्हणाला.

सर वर्गात होते. बाहेर आले, त्यांनी त्याला पाहिलं, बाही पाहिली, पत्रिका घेतली, पाठीवर हात ठेवला. तो गेल्यावर मला विचारलं, "त्यानं मोजलं होतं का?"

मी म्हटलं, "हो सर."

"स्वतः?"

"हो. एकसष्ट."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकसष्ट," आणि आत गेले. दिगंबरच्या वर्षी सरांनी बेअरिंगला नमदा लावलेला होता, चाक अठ्ठावीसवरच थांबायचं, हे मला तेव्हा आठवलंच नाही. आठवलं तेव्हा मी जिन्यावर होते.

मोजलं असतं तर त्याचा हात वाचला असता का? मला माहीत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी चाळीस-पन्नास वेळा खडूची खूण जाताना पाहणारा माणूसही लाइट गेल्यावर विसरू शकतो. पण सरांना तेवढीच एक गोष्ट करायची होती आयुष्यात, की आपल्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक पोरानं एकदा, फक्त एकदा, हात सोडल्यानंतर काय उरतं ते स्वतः मोजावं. त्या बाबतीत ते पूर्ण हरले. आणि हरवण्यात माझा वाटा होता.

सरांनी त्यानंतर मला कधी काही विचारलं नाही. चाक होतं तिथंच होतं, 'पुन्हा' लिहिणंही चालू राहिलं, पण टकटक बंद झाली. नुसतंच लिहायचे.

आम्ही दोघं निवृत्त झालो. घरं पिंप्राळ्यात, दोन गल्ल्यांचं अंतर. हळूहळू कॉलेजात पोरं नुसती नावाला उरली. नाव इथं आणि पोर प्रवेश परीक्षांच्या क्लासला. लॅबला कुलूप लागलं. मग एकदा साफसफाई निघाली आणि चाक भंगारात गेलं. सरांना कळलं तेव्हा ते पंचाहत्तरीच्या पुढं होते. रिक्षा करून भंगारवाल्याकडे गेले. मीही बरोबर होते, कारण वहिनींनी मला धाडलं होतं, "एकटे जातील आणि चाकाशी बोलत बसतील." चाक एका ढिगावर आडवं पडलं होतं, आस काढलेला. सरांनी त्याच्यावर हात ठेवला. भंगारवाला म्हणाला, "काय बाबा, पाहिजे का?" सर म्हणाले, "आसाशिवाय काय करू?" आणि रिक्षात येऊन बसले.

माझी नात सध्या त्याच परीक्षांची तयारी करते. फिरत्या वस्तूच्या ऊर्जेचं गणित मोबाइलवर चाळीस सेकंदांत सोडवते. मी म्हटलं, "चाक पाहिलंयस का कधी?" ती म्हणाली, "आजी, त्यावर एकच प्रश्न येतो." उत्तर बरोबर असतं तिचं. वहीत लिहायचीही गरज उरली नाही. आम्ही निदान उतरवून तरी काढत होतो.

आता शेवटचं. सरांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, म्हणजे अर्धवट गेली. मे महिना, दुपारचे दोन, जळगावचं ऊन. मी त्यांच्या पलंगाशी बसले होते. वहिनी आत पन्ह्याची कैरी गाळत होत्या. लाइट गेली.

सरांचे डोळे वर गेले. डाव्या हाताचा अंगठा हलायला लागला, बोटांच्या पेरांवरून, एकेक पेर. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. किती वाळलं होतं तोंड! पंखा थांबला. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. ओठ वाकडे झाले, खूप कष्टानं आवाज आला, "कि... ती?"

मी मोजलंच नव्हतं.

"एकतीस," मी म्हटलं. सत्तरीची म्हातारी मी, आणि तोंडातून किती सहज आलं ते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दिगंबर पत्रिका घेऊन आला त्या दिवसासारखं. मग डाव्या हाताची तर्जनी चादरीवर दोनदा आपटली. टक, टक. आणि म्हणाले, "पु... न्हा."

लाइट दहा मिनिटांनी आली. पंखा वेग घेत होता तेवढ्यात मी म्हटलं, "सर, दिगंबरनं मोजलं नव्हतं. मी सही केली होती." त्यांचे डोळे पंख्यावर. ऐकलं की नाही, मला कळलं नाही. ऐकलं असेल तरी त्यांना ते नवीन नव्हतं.

मी उठले, बटण बंद केलं आणि पलंगाच्या कडेला येऊन बसले. वर बघितलं. या वेळी कुठंही न बघता फक्त वर. पाती वेगळी दिसू लागली. मी मोठ्यानं मोजायला लागले, सरांच्या कानाशी वाकून. एक. दोन. तीन. त्यांचा अंगठा माझ्याबरोबर पेरांवरून चालत होता. दहा. अकरा. पंखा चांगला होता, तेल घातलेला, अजून बरेच फेरे शिल्लक होते. सोळा. सतरा.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अगं बाई, पंखा कोणी बंद केला? भाजून निघेल ना माणूस!"

आणि मी "थांबा!" म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलं.

पात्यांनी पुन्हा वेग घेतला, एकमेकांत मिसळली, दिसेनाशी झाली. सरांचा अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर, सतरावर होता. तो तिथंच राहिला.